‘गुड’ म्हणजे वाईट: जुन्या सोल आणि फंक रेकॉर्ड्स ऐकताना, घेताना

डेट्रॉइटजवळ नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी गराज सेलमध्ये, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथे, दोन डॉलरला एक रेकॉर्ड घेतली. सोल गायिका अरेथा फ्रँकलिनचा १९६७ सालचा अल्बम, ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’. कव्हरची एक कड उसवलेली, तिला पिवळी पडलेली चिकटपट्टी, आणि लेबलवर निळ्या बॉलपेनने कुणा बाईचं नाव. घरी येऊन लावली तर आवाज अगदी पिचका, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दोन डॉलर पाण्यात गेले म्हणून बाजूला ठेवून दिली. चार दिवसांनी कळलं की खोट रेकॉर्डमध्ये नव्हती, माझ्यात होती. ती कोणती, ते पुढे येईलच. आधी त्या नावाबद्दल.

आपल्याकडे स्टीलच्या पातेल्यांवर नावं घालून घ्यायची पद्धत आहे ना, तसंच हे. शेजारच्या कार्यात भांडी गेली की परत आपलीच यावीत म्हणून. या रेकॉर्ड्सही अशाच शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पार्टीला जायच्या, दहा जणांच्या दहा रेकॉर्ड्स एका ढिगात पडायच्या, आणि रात्री आपली कुठली हे ओळखायला नाव लागायचं. सोल आणि फंकच्या रेकॉर्ड्स गोळा करायच्या तर ही एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्यावी. या रेकॉर्ड्स कपाटात जपायला घेतलेल्या नव्हत्या. लोक त्यांवर नाचले. त्याच काळातली पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची रेकॉर्ड कोरी करकरीत सापडते, ही सापडत नाही. पुढची सगळी खरेदी-विक्री, भाव, दर्जा, भांडणं इथूनच सुरू होतात.

आता सोल म्हणजे काय? अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायलं जायचं: पुढचा एक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, पुन्हा त्याच्याकडे देतात. शाहिरामागे झीलकरी उभे असतात आणि ‘जी जी रं जी’ करत कडवं उचलून धरतात, तोच हा व्यवहार. १९५४मध्ये गायक रे चार्ल्सने ‘आय गॉट अ वुमन’ केलं ते एका गॉस्पेल गाण्याच्या धर्तीवर. देवाच्या जागी मैत्रीण बसवली, बाकी सगळं तसंच ठेवलं. अभंगाच्या चालीवर कुणी लावणी म्हणावी तसं झालं ते, आणि धार्मिक मंडळी चिडायची तशी चिडलीही. पण रस्ता खुला झाला. अरेथाचे वडील डेट्रॉइटचे नावाजलेले धर्मोपदेशक, ती लहानपणापासून त्यांच्या चर्चमध्ये गात होती. तिची हाक ऐकली की चर्च ऐकू येतंच, गाणं भले नवऱ्याला खडसावणारं असो.

फंक समजायला आपल्याकडे एक हुकमी शब्द आहे: सम.

चार मात्रांचं आवर्तन धरा. रिदम अँड ब्लूज किंवा सोलमध्ये टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. साठच्या दशकाच्या मध्यावर गायक जेम्स ब्राऊनने सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. तो आपल्या वादकांना ‘द वन’ सांभाळायला सांगायचा. म्हणजे समेवर सगळे एकत्र या, मग उरलेल्या तीन मात्रांत काय कसरती करायच्या त्या करा. १९६५चं ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७चं ‘कोल्ड स्वेट’ लागोपाठ ऐकलं तर हा बदल घडताना ऐकू येतो. फरक इतकाच की बडा ख्यालात समेची वाट पाहावी लागते, आणि इथे ती दर दोनेक सेकंदांनी दारात उभी असते. सूर फारसे बदलत नाहीत. एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडग्यावर, पाच-पाच मिनिटं गाणं चालतं. कारण बदलायचं काम सुरांनी सोडून दिलेलं असतं आणि सगळी वाद्यं तालवाद्यं झालेली असतात. गिटार सूर धरत नाही, तारा दाबून नुसती ‘चिक’ करते. ट्रम्पेट-सॅक्सोफोन थाप मारावी तसे येतात आणि गप्प होतात. गायक सुद्धा शब्द कमी आणि हुंकार जास्त.

ड्रमवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे अगदी हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या काडीच्या टिचक्या असतात. तबलजी ठेक्यात भरी घालतो, तशा. जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड त्यात उस्ताद. हे हलके ठोके काढून टाका, ताल तोच राहील पण पाय हलणार नाही.

आणि बेस. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी एकच सांगते: एकदा संपूर्ण गाणं फक्त बेस गिटारकडे लक्ष देऊन ऐका, गायकाकडे दुर्लक्ष करून. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधला लॅरी ग्रॅहम आधी आपल्या आईबरोबर वाजवायचा. त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. म्हणून तो अंगठ्याने तार आपटून मोठ्या ड्रमचा आवाज काढायला लागला आणि बोटाने तार ओढून सोडून लहान ड्रमचा. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभरच्या बेसवादकांनी उचलली. तुम्ही-आम्हीही यातलं थोडंफार नकळत ऐकलेलं आहे. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमात खलनायकाच्या अड्ड्यावर ‘वाका-चिका, वाका-चिका’ करणारी गिटार आठवते? ती पायाखालच्या वा-वा पेडलची करामत, आणि गायक-संगीतकार आयझॅक हेजच्या १९७१च्या ‘शाफ्ट’ सिनेमाच्या संगीतात ती कळसाला पोचलेली आहे.

या आयझॅक हेजमुळेच मला सांगायच्या मुख्य गोष्टीकडे येता येतं. गोळा करायचं ते अल्बम. पण सोल हे मुळात अल्बमचं संगीत नव्हतंच.

डेट्रॉइटमध्ये वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर २६४८ क्रमांकाचं घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे. १९५९मध्ये बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली ती इथे. आत गेल्यावर धक्का बसतो, कारण स्टुडिओ म्हणजे आपल्याकडच्या बंगल्याचं गॅरेज वाटावं एवढीशी खोली. गॉर्डी आधी मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करायचा आणि गाणीही त्याने तशीच काढली: लिहिणारे वेगळे, वाजवणारे ठरलेले, गाणारे वेगळे, आणि शेवटी तपासणी. बाहेर पडायचा माल म्हणजे तीन मिनिटांचं गाणं, सात इंची रेकॉर्ड, मोटारीतल्या रेडिओवर चांगलं वाजेल असं. अल्बम म्हणजे एक-दोन गाजलेली गाणी आणि जागा भरायला उरलेली. साठच्या दशकातले मोटाऊनचे बरेचसे अल्बम मी म्हणूनच विकत घेत नाही, त्यातली निवडक गाण्यांची संकलनं घेते. संग्राहकांना हे ऐकवत नाही, पण माझा अनुभव हाच आहे.

मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं असंच होतं. एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात स्टुडिओ. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन हे मालक भाऊ-बहीण, त्यांच्याच आडनावांचे तुकडे जोडून नाव बनवलेलं. थिएटरची जमीन उतरती होती, ती तशीच राहू दिली. काळे आणि गोरे वादक एका खोलीत बसून वाजवत होते, तेही साठच्या दशकातल्या मेम्फिसमध्ये. मग एकामागोमाग एक घाव बसले. १० डिसेंबर १९६७ला त्यांचा सर्वांत मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला, बरोबर बार-केज या साथीच्या बँडमधले चौघे गेले. ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच शहरात, लोरेन मोटेलमध्ये, जिथे स्टॅक्सची मंडळी नेहमी बसून गाणी रचायची. आणि त्याच सुमाराला लक्षात आलं की ॲटलांटिक कंपनीशी केलेल्या करारात एक कलम होतं. स्टुअर्टने करार नीट वाचलाच नव्हता. त्या कलमाप्रमाणे ॲटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सगळ्या मूळ टेप्स ॲटलांटिकच्या मालकीच्या होत्या. गायक गेला, गाणीही गेली.

दुकानात मालच नाही म्हटल्यावर स्टॅक्सच्या अल बेलने १९६९मध्ये दोन डझनांहून जास्त अल्बम एकदम काढायचं ठरवलं. अशा घाईत सगळ्यांवर लक्ष ठेवायला वेळ कुणाला? आयझॅक हेज तोवर मुख्यतः दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारा माणूस, त्याने सांगितलं की करतो, पण माझ्या मनासारखं. नव्याने उभ्या राहिलेल्या बार-केजना घेऊन त्याने ‘हॉट बटर्ड सोल’ केला. अख्ख्या अल्बममध्ये गाणी चार. एक बारा मिनिटांचं. एक अठरा मिनिटांहून मोठं, आणि त्यात सुरुवातीला कितीतरी वेळ तो गातच नाही, नुसती गोष्ट सांगतो, मागे ऑर्गनचा एकच सूर धरलेला, कीर्तनात बुवा आख्यान लावतात तसा. रेडिओवर हे वाजणार नाही असं कुणालाही वाटलं असतं. पण लोकांनी अल्बमच विकत घेतला, भरपूर घेतला. तीन मिनिटांच्या गाण्याशिवायही काळ्या संगीताचा अल्बम खपतो हे कंपन्यांना यातून दिसलं.

पुढची सहा-सात वर्षं म्हणजे खाण आहे. १९७१मध्ये मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आणि स्लाय स्टोनचा ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’. १९७२मध्ये कर्टिस मेफिल्डचा ‘सुपर फ्लाय’ आणि अल ग्रीनचा ‘लेट्स स्टे टुगेदर’. १९७२ ते १९७६ स्टीव्ही वंडर एकामागून एक. १९७५मध्ये पार्लमेंट या बँडचा ‘मदरशिप कनेक्शन’, ज्यात जॉर्ज क्लिंटन आणि कंपनी चक्क अंतराळयानातून फंक घेऊन उतरते.

आता माझ्या त्या पिचक्या आवाजाकडे. रेकॉर्ड म्हणजे बाहेरून आत जाणारी एकच लांब खाच. तिच्या दोन भिंती, एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुई त्यातून जाताना थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. अडचण अशी की बेसचा, म्हणजे खर्जातला आवाज खाचेला फार मोठे हेलकावे देतो. तो आहे तसा कोरला तर शेजारच्या खाचेत घुसेल, आणि एका बाजूला पाच-सात मिनिटांच्या वर काही मावणार नाही. म्हणून कोरताना बेस मुद्दाम कमी करतात आणि बारीक आवाज वाढवतात. ऐकताना नेमकं उलटं करायचं. हे उलटं करण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ‘फोनो’ नावाच्या जोडणीमागचं सर्किट करतं. मी वायर शेजारच्या ‘ऑक्स’मध्ये खुपसली होती. म्हणजे बेस काढून टाकलेलं फंक ऐकत होते! तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनो नसेल तर फोनो प्रीॲम्प नावाची छोटी डबी वेगळी मिळते, आणि काही टर्नटेबलमध्ये ती आतच असते.

याच खाचेमुळे आणखी एक हिशेब ठरतो. एका बाजूला वीसेक मिनिटं असली तर आवाज भरदार बसतो. जास्त कोंबलं तर खाचा जवळजवळ येतात, आवाज आणि बेस दोन्ही कमी करावे लागतात. शिवाय अल्बमची रेकॉर्ड मिनिटाला ३३ फेरे आणि वर एक तृतीयांश याच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ वीसेकच. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं थोडं चुरगळल्यासारखं येतं. जुनी रेकॉर्ड तपासायची असेल तर पहिलं गाणं ऐकू नका, शेवटचं ऐका. बोथट सुईने किंवा सुई धरणाऱ्या जड आर्मने झालेली इजा तिथेच उघडी पडते.

घेताना कव्हरपेक्षा रेकॉर्ड जास्त बोलते. ती बल्बखाली तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे बहुतेक वेळा वाजत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा वाजतो. काळी तकाकी जाऊन करडा पट्टा दिसला तर तिथली खाच झिजलेली आहे, धुऊन काही होणार नाही. लेबल आणि शेवटच्या गाण्याच्या मधल्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात. ती त्या प्रतीची जन्मपत्रिका. कधी कोरणाऱ्याची आद्याक्षरं असतात, बॉब लडविगची ‘आरएल’ ही त्यातली प्रसिद्ध. लेबलवरचा पत्ताही पाहावा. ॲटलांटिकच्या सत्तरीच्या सुरुवातीच्या लेबलवर १८४१ ब्रॉडवे असतं, नंतरच्यांवर ७५ रॉकफेलर प्लाझा. स्टॅक्सचं लेबल पिवळं आणि त्यावर चुटकी वाजवणारा हात असेल तर ती प्रत ॲटलांटिकशी फाटल्यानंतरची, १९६८पासून पुढची. आणि १९७१च्या अल्बमच्या कव्हरवर बारकोड छापलेला असेल तर ‘पहिली आवृत्ती’ म्हणणारा विक्रेता एकतर अजाण आहे किंवा फार जाणता आहे. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं दिसलं तर घाबरू नका. न खपलेला माल कंपनी स्वस्तात काढायची तेव्हाची ती खूण आहे. उलट अशी प्रत पार्टीला कमी गेलेली असण्याची शक्यता बरी.

विक्रेते प्रतींना दर्जा लावतात आणि या दर्जांचं व्याकरण नवख्याला फसवतं. सर्वांत वर ‘मिंट’, मग ‘निअर मिंट’, ‘व्हेरी गुड प्लस’, ‘व्हेरी गुड’, आणि त्याच्या खाली ‘गुड’. गुड म्हणजे वाईट. गुड म्हणजे गाणं ऐकू येतं पण मागे सतत कांदा-भजी तळली जात आहेत. माझं मत विचाराल तर ‘व्हेरी गुड प्लस’वर थांबावं. त्याच्या वरचे पैसे कानाला मिळत नाहीत, कपाटाला मिळतात.

दुर्मिळतेचं वेड हा वेगळाच प्रांत आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडे सत्तरच्या दशकात कामगार पोरं रात्रभर अमेरिकेत आपटलेल्या सोल गाण्यांवर नाचायची, जेवढं गाणं अपरिचित तेवढा मान मोठा. त्या मंडळींच्या लाडक्या, फ्रँक विल्सनच्या १९६५च्या एका सात इंची रेकॉर्डच्या प्रती मोटाऊनने बाजारात आणण्याआधीच जवळपास सगळ्या नष्ट केल्या. उरलेल्यांपैकी एक २००९मध्ये २५ हजार पौंडांहून जास्तीला गेली. दुसरीकडे हिप-हॉपवाले. त्यांना अख्खं गाणंही नको, त्यातला फक्त ड्रम उरतो तो तुकडा हवा, ज्याला ब्रेक म्हणतात. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मधला स्टबलफील्डचा वीसेक सेकंदांचा तुकडा शेकडो गाण्यांत कापून लावला गेला आणि वाजवणाऱ्याच्या हातात त्याचं जवळजवळ काहीच पडलं नाही. १९७०मध्ये ते गाणं दोन भागांत सात इंचीवर निघालं होतं, अल्बमवर आलं १९८६च्या ‘इन द जंगल ग्रूव्ह’ या संकलनात. ते संकलन घ्या आणि मोकळे व्हा.

स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ घेताना मात्र एक काळजी. दोन मोठ्या रेकॉर्ड्सबरोबर चार गाण्यांची एक छोटी सात इंची रेकॉर्ड आणि गाण्यांची पुस्तिका होती. छोटी रेकॉर्ड बहुधा हरवलेली असते आणि विक्रेता ती हरवल्याचं सांगायला हमखास विसरतो.

जुनी प्रत महाग पडत असेल तर नव्या छपाईला नाक मुरडू नये. पुण्यात परतल्यावर मीही निम्म्या नव्याच घेतल्या. मुंबईच्या चोर बाजारात हिंदी सिनेमाच्या ढिगात हात घातला की डिस्को निघतं, सोल क्वचित. आणि आपल्याकडचा खरा शत्रू ओरखडे नाहीत, पावसाळा आहे. जुलैत कव्हरच्या आत पांढरी बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, फार दाटीने नको, भिंतीला चिकटवून नको. मऊ जाड प्लॅस्टिकची पाकिटं काढून टाका, ती वर्षानुवर्षं चिकटून रेकॉर्डवर धुकं धरवतात. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, पुसायचं ते गोल, खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीत रेकॉर्ड विसरलात तर संध्याकाळी पापड मिळेल.

सुरुवात कुठून करायची? ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पासून, आणि पहिली बाजू सलग ऐकायची, कारण गाणी एकमेकांत ओवलेली आहेत, मधे उचलायला जागाच नाही. बेरी गॉर्डीला अल्बमच्याच नावाचं पहिलं गाणं आवडलं नव्हतं, तो काढायलाही तयार नव्हता. त्यात बेस वाजवणारा जेम्स जेमरसन एका बोटाने वाजवायचा. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांत तो आहे, आणि इतकी वर्षं त्या वादकांची नावं कव्हरवर छापलीच जात नव्हती. या अल्बमवर ती छापली. बाकी चव आपापली. मला फंकाडेलिक या बँडची लांबच लांब गिटार एका वेळी एकदाच झेपते आणि अल ग्रीन रोज चालतो.

वायर बरोबर जागी लावून ती दोन डॉलरची अरेथा पुन्हा ऐकली तेव्हा करडा पट्टा मला पहिल्या गाण्यावर अपेक्षित होता, कारण पहिलं गाणं ‘रिस्पेक्ट’, अल्बममधलं सर्वांत गाजलेलं. पट्टा होता दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर, ‘डू राइट वुमन, डू राइट मॅन’. जानेवारी १९६७मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत हे गाणं सुरू झालं आणि अर्ध्यावर राहिलं, कारण अरेथाचा नवरा आणि स्टुडिओचा मालक यांचं भांडण जुंपलं आणि एका दिवसात सगळे पांगले. नंतर न्यूयॉर्कमध्ये तिने आपल्या बहिणींना घेऊन ते पुरं केलं: स्वतः पियानो, स्वतः ऑर्गन, मागे झील धरायला बहिणी. संथ गाणं आहे. पार्टीत यावर फार तर जोडीने डुलता येईल. लेबलवर नाव घालणाऱ्या बाईने ते बहुधा पार्टीत नाही, घरीच लावलं असणार, पुन्हा पुन्हा, सुई तिथेच उचलून ठेवत.

त्या पट्ट्यावर सुई आली की चरचर वाढते, पण बहिणींचा आवाज वर येतोच. विकायला काढली तर तिला ‘गुड’ मिळेल.